ओसरीपुरत्या संगीताच्या बाजूने

लोककला वाचवायची असेल तर तिला मोठ्या मंचावर न्या, हे मत आपल्याकडे आता इतकं रुळलं आहे की त्याला कुणी आडवं जात नाही. महोत्सवाचं उद्घाटन असो की शाळेचं स्नेहसंमेलन, पाहुणे हेच सांगतात. गोंधळ दहा मिनिटांत बसवा. संबळासमोर माइक लावा. परधानांच्या किंगरीचं बोधचिन्ह करा, म्हणजे जिल्ह्याला ओळख मिळेल. आणि दाखला हवा असला की आयर्लंडचं नाव पुढे येतं: तिथल्या लोकांनी आपलं हार्प हे तारांचं वाद्य राष्ट्राचं चिन्ह केलं, नाण्यांवर आणलं, पासपोर्टवर छापलं, आज जग ते ओळखतं, मग आपल्याला का जमू नये?

हा दाखला देणाऱ्यांनी आयर्लंडचा इतिहास अर्धाच वाचलेला असतो. उरलेला अर्धा वाचला तर तो त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतो. आणि फुलसावंगीच्या आसपासचं जे संगीत वाचवायला ते निघाले आहेत, त्याचा मोठ्या मंचाने उपकारापेक्षा घातच जास्त केला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी आपल्या घरचं बोलू. फुलसावंगी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात येतं. इथून पैनगंगा ओलांडली की रेणुकेचं माहूर. रेणुकेचे गोंधळी स्वतःला रेणुराई म्हणवतात, तुळजाभवानीचे ते कदमराई. म्हणजे या पट्ट्यात गोंधळाची एक शाखा तिच्या उगमापाशीच नांदते आहे. दुसरी परंपरा परधानांची. गोंड कुळांच्या वंशावळी, देवांच्या आणि राजांच्या कथा गाणारे हे लोक, आणि त्यांची किंगरी म्हणजे गजाने वाजणारं, तीन तारांचं, हळू आवाजाचं वाद्य. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत या परधानांचा अभ्यास केला. त्याने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे जी प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक हवी: या परधानांची घरची भाषा मराठी होती, आणि तरीही गोंडी महाकथांचा सगळा ठेवा त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या मुखात सांभाळला होता.

या दोन्ही परंपरा एका घरापुरत्या. गोंधळ लग्नानंतर किंवा कुळाचाराला घरच्या अंगणात घातला जातो. ऊस नाहीतर ज्वारीची पाच धाटं उभी करून वर बांधायची, खाली चौक भरायचा, घट मांडायचा, दिवटी पेटवायची; मग नायक उभा राहतो, मागे संबळ, तुणतुणं आणि झांज. किंगरी तर त्याहूनही जवळची. गोंडाच्या घरी लग्न, मरण, देवाचं कार्य असलं की त्या कुळाचा परधान यायचा आणि त्या कुळाचीच कथा गायचा. ऐकणारे किती? घरचे, भाऊबंद, शेजारपाजार. तेवढेच असायला हवेत म्हणूनच तेवढे असायचे.

मंचवाल्यांची पहिली चूक इथे आहे. ऐकणाऱ्यांची लहान संख्या त्यांना गरिबीचं लक्षण वाटते. चार पैसे, एक मांडव आणि एक ध्वनिक्षेपक मिळाला असता तर हे लोक हजारांपुढे गायले असते, असं ते धरून चालतात. पण या संगीताची बांधणीच त्या संख्येवर झालेली आहे. परधान गायला बसतो तेव्हा त्याला आधी हे ठाऊक लागतं की समोरचं घर चार देवांचं आहे, पाच, सहा की सात देवांचं. कारण गोंड कुळांची विभागणी देवांच्या संख्येने होते आणि सात देवेवाल्यांच्या घरी सहा देवेवाल्यांची कथा गाऊन भागत नाही. गोंधळ्याला यजमानाचं कुलदैवत, मूळ गाव, नवरा-नवरीची नावं लागतात. तो गावोगावच्या देवांना नावानिशी गोंधळाला बोलावतो, आणि त्या यादीत आपल्या घरच्या देवाचं नाव आलं की म्हातारी हात जोडते. मग आख्यान. कोणतं आणि किती लांब, हे तो रात्र किती उरली आणि माणसं किती जागी आहेत ते पाहून ठरवतो. नायकाला मध्येच उलट प्रश्न विचारणारा साथीदार असतो, आणि त्याचे निम्मे प्रश्न समोर बसलेल्यांच्या चेहऱ्यावरून उचललेले असतात. ही सगळी तयारी आहे, वर्षानुवर्षांची. पाच हजार अनोळखी लोकांपुढे तिच्यातलं काय कामी येणार? चेहरे दिसत नाहीत, देव ठाऊक नाहीत, आणि निवेदिका बाजूला घड्याळ बघत उभी. मग उरतो तो संबळाचा ठेका आणि भंडाऱ्याची उधळण. लोक टाळ्या वाजवतात. आयोजक म्हणतात, बघा, कला जगली.

आता आयर्लंड. तिथल्या जुन्या हार्पला पितळेच्या तारा असत, साधारण तिसेक, आणि त्या नखांनी छेडल्या जात. पितळेची तार एकदा छेडली की बराच वेळ घुमत राहते. म्हणून वादकाचं अर्धं कसब सूर काढण्यात आणि अर्धं तो योग्य क्षणी बोटाने थांबवण्यात. एक तार छेडायची, तेवढ्यात आधीची मिटवायची. न मिटवल्यास सगळं एकमेकांत कालवलं जातं. सगळंच मिटवलं तर वाद्य मुकं. हे बारीक काम दहा पावलांवर बसलेल्याला ऐकू येतं. शंभर पावलांवर बसलेल्याला नुसता घुमारा पोचतो. ते वाद्य गेलिक सरदारांच्या घरांत वाढलं, जिथे कवीने रचलेलं काव्य पाठक म्हणायचा आणि हार्पवादक त्याला साथ द्यायचा. सतराव्या शतकात इंग्रजांनी ती घरं मोडली. १६०७ साली उत्तरेकडचे मोठे सरदार देश सोडून गेले, पुढे जमिनी गेल्या, आणि वादक घोड्यावर बसून उरल्यासुरल्या घरांच्या दारी फिरू लागले.

त्यांतला सर्वांत मोठा टर्लो ओ'कॅरोलन. १६७० चा जन्म. अठराव्या वर्षी देवीच्या साथीत डोळे गेले. मॅकडर्मट रो घराण्यातल्या एका बाईने त्याला हार्प शिकवण्याची सोय केली, घोडा दिला, वाट दाखवायला माणूस दिला. १७३८ पर्यंत, मरेपर्यंत, तो घराघरांतून फिरला, आणि ज्या घरी उतरला त्या घरातल्या माणसांच्या नावाने धुना रचत गेला. त्याच्या दोनशेहून अधिक धुना आज उपलब्ध आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच यजमानांच्या नावांनीच ओळखल्या जातात. परधान आणि कॅरोलन यांच्यात भाषेचं, धर्माचं, वाद्याचं काहीही साम्य नाही. पण दोघांनाही गाण्याआधी विचारावं लागत होतं की हे घर कुणाचं. तीनशे वर्षं उलटली, त्या घरांतले बहुतेक लोक विस्मरणात गेले, आणि त्यांच्या नावाच्या धुना जगभर वाजतात. एका घरासाठी केलेलं संगीत तेवढ्यापुरतंच राहतं, असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

मग आला मंच. जुलै १७९२ मध्ये बेलफास्टच्या नागरिकांनी मोठ्या सद्‌भावनेने हार्पवादकांचा मेळावा भरवला. कारण तेच, जे आपल्याकडे आज सांगतात: कला मरते आहे, वाचवली पाहिजे. दहा आयरिश वादक आले, त्यांतले सहा अंध, एक स्त्री. स्पर्धा होती, बक्षिसं होती. पहिलं बक्षीस दहा गिनींचं, ते चार्ल्स फॅनिंगला मिळालं. तिथे सूर टिपून घेणाऱ्या एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या तरुणाने पुढे लिहून ठेवलं की फॅनिंग त्यांतला सर्वोत्तम वादक नव्हता. एका लोकप्रिय धुनेवर त्याने त्या काळच्या फॅशनची सजावट चढवली होती, म्हणून तो जिंकला. त्याच दालनात डेनिस हेम्पसन बसला होता. वय सत्त्याण्णव सांगितलं जाई. पितळेच्या तारा लांब नखांनी वाजवणारा तिथे तो एकटाच. तोवर बाकीच्यांची नखं गेली होती, ते बोटांच्या पेरांनी वाजवत. ज्याच्यापाशी सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत अवघड होतं, तो मागे राहिला. ज्याने मंचाला रुचेल असं केलं, तो पुढे गेला. आपल्या कुठल्याही लोककला स्पर्धेच्या परीक्षकाने हा प्रसंग दोनदा वाचावा.

बंटिंगला सांगितलं होतं की धुनेत स्वतःचा एक सूरही घालू नकोस. पण छापताना त्याने त्या धुना पियानोसाठी बसवल्या, कारण विकत घेणाऱ्यांच्या घरी पियानो होता. त्याचा तिसरा आणि शेवटचा संग्रह १८४० चा. तोवर पितळी तारांची ती जुनी परंपरा जवळजवळ विझली होती. याच काळात चिन्ह म्हणून हार्प मात्र वाढत गेली. गिनेस कंपनीने १८७६ साली ती आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदवली. स्वतंत्र आयरिश राज्याने ती राजमुद्रेवर घेतली, १९२८ पासून ती त्याच्या नाण्यांवर आली. म्हणजे खिशाखिशात हार्प होती आणि नखांनी हार्प वाजवणारं कुणी नव्हतं. किंगरीचं बोधचिन्ह करा म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा आहे: चिन्ह जगात पोचत असताना वाद्य घरातून गेलं, हाच तुमचा आदर्श आहे का?

मग आज आयरिश हार्प वाजते कशी, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. ती परत आली, आणि २०१९ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण ती परत आली त्या जागा पाहा. डब्लिनची सायन हिल ही ननांची शाळा, जिथे विसाव्या शतकात मुली एकमेकींजवळ बसून हार्प शिकल्या. १९६० साली स्थापन झालेली कार्द ना क्रुटे ही संस्था, म्हणजे हार्पची मित्रमंडळी, जिने शिकवण्या, शिबिरं, धुनांची पुस्तकं यांवर काम केलं. नखांनी पितळी तारा वाजवण्याची रीत १९७० च्या दशकात ॲन हेमन या अमेरिकेतल्या बाईंनी बंटिंगच्या टिपणांवरून आणि स्वतःच्या बोटांवर प्रयोग करून पुन्हा उभी केली. युनेस्कोचा शिक्का या सगळ्यानंतर आला. आजही तिथे हार्पवादक लहान खोलीत वाजवतो तेव्हा धून कुणासाठी रचली, कोणत्या घरात रचली, ते आधी सांगतो आणि मग वाजवतो. हेम्पसनच्या बोटांत जे होतं, ते त्यांना खोलीतच परत मिळालं.

मंचाच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मी हलक्याने घेत नाही. तो जातीचा आहे. लोक विचारतात: तुम्ही ज्या ओसरीचं कौतुक करता, त्या ओसरीच्या खाली कोण उभं राहत होतं? परधान गोंडांच्या दारी दानासाठी जायचा, गोंधळी जोगवा मागायचा. जन्माने ठरलेलं, मागून खाण्याचं काम होतं ते. मुलांनी किंगरी खुंटीला टांगली आणि शाळेची वाट धरली, यात वाईट काय?

यात वाईट काहीच नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या परधान घरांतून आज शिक्षक, कर्मचारी, अधिकारी निघाले आहेत, आणि त्या प्रत्येक मुलाने किंगरीऐवजी वही उचलली हे योग्यच केलं. ज्या कलेची किंमत माणसाच्या मानाने मोजावी लागते ती कला सोडण्याचा अधिकार त्याला आहे आणि तो आम्ही इतरांनी त्याला शिकवण्याची गरज नाही. मी जुनी जजमानी परत आणा म्हणत नाही. तसं कुणी म्हणत असेल तर त्यालाही माझा विरोध आहे.

पण हा मुद्दा मंचाच्या बाजूने कसा जातो, ते मला कळत नाही. महोत्सवात त्याच गोंधळ्याला मंत्र्यांचं आगमन होईपर्यंत लोक थोपवून धरायला उभं करतात. पाहुणे आले की थांबवतात. मानधनाचं पाकीट कार्यक्रमानंतर, आणि पाकिटात किती हे आधी कुणी सांगत नाही. जोगव्यात निदान मागणारा आणि देणारा एकमेकांना ओळखत होते. अपमान जन्मावर लादलेल्या कामात आहे, ऐकणाऱ्यांच्या लहान संख्येत नाही. आणि मान मिळतो तो बोलावणं, ठरलेलं मानधन आणि लक्ष देऊन ऐकणं यांतून. या तिन्ही गोष्टी वीस माणसांच्या अंगणात करता येतात. सायन हिलमध्ये शिकलेल्या मुली कुणी वंशपरंपरेच्या हार्पवादकांच्या लेकी होत्या म्हणून तिथे बसल्या नव्हत्या. किंगरीही ज्याला शिकायची इच्छा आहे त्याने शिकावी, परधानाने शिकवावी, आणि त्याची फी घ्यावी.

पोटाचा प्रश्न राहतो. मोठा मंच निदान पैसे तरी देतो, असं म्हणतात. तेलंगणात किन्नेरा हे तंतुवाद्य वाजवणाऱ्या दर्शनम् मोगुलय्यांचं नाव आठवावं. २०२१ साली त्यांचा आवाज एका मोठ्या तेलुगू सिनेमाच्या गाण्यात आला, २०२२ साली पद्मश्री मिळाली. याहून मोठा मंच आपल्या देशात कोणता? २०२४ साली ते बांधकामावर मजुरी करत असल्याच्या बातम्या छापून आल्या. मी त्यांच्यावर किंवा त्यांना गौरवणाऱ्यांवर टीका करत नाही. मी एवढंच म्हणतो की प्रसिद्धी एका दिवसाची असते आणि भूक रोजची. आपल्या राज्यात ज्येष्ठ कलावंतांना मासिक मानधन मिळतं, ही चांगली योजना आहे. पण ती कलावंत म्हातारा झाल्यावर सुरू होते. शिकणाऱ्या पोराला आणि ऐकणाऱ्या घराला तिच्यात जागा नाही.

आणि ध्वनिमुद्रण? सगळं रेकॉर्ड करून ठेवलं की झालं, असं म्हणणाऱ्यांना नागपूरचीच गोष्ट सांगतो. स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी १८६३ साली बुडून मरण पावला. त्याने एका परधानाकडून लिंगोची गोंडी कथा लिहून घेतली होती, ती रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने १८६६ साली छापली. त्या छापील पानांवर शब्द आहेत. किंगरीचा सूर कुठे थांबायचा, कोणत्या ओळीपाशी ऐकणारा हुंकार भरायचा, ते पानांवर नाही. आज यंत्र तोही सूर पकडेल, मान्य. पण त्या हुंकाराला माणूस लागतो आणि त्या माणसाला ती कथा आपली वाटावी लागते. ध्वनिमुद्रण अवश्य करा. ते शिकणाऱ्याच्या उपयोगाला येईल, आयर्लंडात बंटिंगची टिपणं आली तशी. पण तिथेही ती टिपणं दीडशेहून अधिक वर्षं पडून होती, कुणीतरी बसून नखं वाढवेपर्यंत.

'मध्य प्रदेशात काय झालं ते बघा' असंही मला ऐकवतात. पाटणगडच्या जनगडसिंग श्याम यांना १९८० च्या दशकात चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळला आणलं आणि परधानांची चित्रकला जगभर गेली. ती चित्रं मला मनापासून आवडतात. पण चित्र भिंतीवरून कॅनव्हासवर जातं आणि कॅनव्हास पॅरिसला पाठवता येतो. परधानांचं तिकडचं तंतुवाद्य, बाना, त्या प्रवासात मागेच राहिलं. रंगांना जी वाट मिळाली ती सुरांना आपोआप मिळेल, असं मानायला काही आधार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती महोत्सव भरवणाऱ्यांकडेच आहे. मांडव, रोषणाई आणि ध्वनिक्षेपकावर जेवढा खर्च होतो, त्याचा एक वाटा बाजूला काढा. फुलसावंगी, महागाव, उमरखेड, माहूर या पट्ट्यातल्या दहा घरांना विचारा की तुमच्या अंगणात एक रात्र गोंधळ किंवा एक संध्याकाळ किंगरी ठेवाल का. घर कोणत्याही जातीचं असो. मानधन आधी ठरवा, लिहून द्या, आणि कलावंत निघण्याआधी त्याच्या हातात पडू द्या. माइक नको. वेळेची मर्यादा नको. भाषण तर मुळीच नको. कलावंताला चार दिवस आधी त्या घरी जाऊ द्या, कुलदैवत विचारू द्या, माणसं पाहू द्या, कारण तयारी तिथेच होते. प्रत्येक बैठकीला एखादा शिकणारा मुलगा किंवा मुलगी साथीला बसवा आणि तिलाही पैसे द्या. शाळेतले संगीताचे शिक्षक येऊ देत, पण ऐकायला.

याने किती लोकांपर्यंत पोचणार, असं विचाराल. एका घरी पंचवीस धरले तर दहा घरांत अडीचशे. तुमच्या एका महोत्सवाच्या पहिल्या चार रांगाही भरणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. मात्र त्या अडीचशेंतला प्रत्येक जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसलेला असेल, आणि पुढच्या वर्षी कोणतं आख्यान हवं ते त्यांतले काही जण स्वतः येऊन सांगतील. यंदाचा दसरा महोत्सव ठरायच्या आधी हा प्रस्ताव समितीपुढे ठेवावा, असं मी आग्रहाने म्हणतो, आणि दहातलं पहिलं अंगण आमचं धरावं.